टाळ वाजतच राहिला तर



ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते, आणि साधारण त्याच दिवसांत आपल्याकडच्या शाळांच्या घंटाही वाजू लागतात. आजोबा खांद्याला पताका लावून वाटेला लागतात, नातू पाठीला दप्तर अडकवून. आजोबांच्या वाटेवर रोज संध्याकाळी एक गोष्ट घडते. तिच्याकडे पाहून नातवाच्या वाटेचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

दिवसभर चालून दिंड्या मुक्कामाच्या तळावर येतात. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्या आपापल्या क्रमाने पालखीभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. मात्र एखाद्या दिंडीचा टाळ थांबत नाही, तो वाजतच राहतो. नवख्याला वाटते, ही कसली आडदांड मंडळी? सगळे गप्प झाले आणि ह्यांना भान नाही! जुना वारकरी तसे म्हणत नाही. तो जाणतो की त्या दिंडीची काही तक्रार आहे. चालीत कोणी घुसले असेल, कोणाशी बोलाचाली झाली असेल, काही गैरसोय असेल. चोपदार तिकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार होते, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि आरती होते.

ह्या रीतीत केवढे शहाणपण भरले आहे पाहा. सगळे गप्प असताना जो आवाज करतो त्याचे काही दुखते आहे, असे आपल्या वाडवडिलांनी धरून ठेवले. त्याला दटावून आधी गप्प बसवा, मग पाहू, असे त्यांनी म्हटले नाही.

आता शाळेत या. मास्तरांनी हात वर केला, वर्ग शांत झाला. एक पोरगा मात्र बाक वाजवतो आहे. शेजारच्याची वही ओढतो, उत्तर विचारले तर उर्मटपणे बोलतो, मधल्या सुट्टीत मारामारी करतो. आपण काय म्हणतो? हा उनाड आहे, घरचे वळण नाही, ह्याला बाहेर उभा करा. जो टाळ तळावर तक्रार म्हणून ऐकला जातो, तोच टाळ वर्गात गुन्हा ठरतो. असे का व्हावे, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याच्या पोटात दुसरा, अधिक जुना प्रश्न आहे. शिक्षकाचे काम विद्या देण्याचे, की लेकरू सांभाळण्याचेही?

पुष्कळ भली माणसे म्हणतात, "अहो, शाळा ती शाळा. जेवूखाऊ घालणे, मन सांभाळणे हे आईबापांचे काम. मास्तरांनी शिकवावे, पोराने शिकावे." बोलणे सरळ दिसते. पण आईबाप जवळ नसले तर? बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोणाचे पोर बरोबर फडावर जाते, कोणाचे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहते. फडावरून उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलेले मूल वर्गात बसते तेव्हा पुस्तक कुठल्या कुठे गेलेले असते. त्याला काही कळत नाही, आणि कळत नाही हे सांगण्याची लाज वाटते. मग ते बाक वाजवते. त्याच्या बाक वाजवण्याचा अर्थ एवढाच, की दिंडी पुढे निघून गेली आणि मी मागे राहिलो. हे ऐकायला त्या क्षणी मास्तरांवाचून दुसरे कोण हजर आहे? बाप तर शेकडो कोसांवर मोळ्या बांधतो आहे.

शिवाय भ्यालेल्या किंवा खचलेल्या मनात विद्या शिरत नाही, हा रोजचा अनुभव आहे, आणि मनाचा अभ्यास करणारे शास्त्रही तेच सांगते. भीतीने लक्ष आणि स्मरण दोन्ही आखडतात. तेव्हा मन सांभाळणे हे शिकवण्याच्या बाहेरचे काम आहे असे म्हणताच येत नाही. शेताची मशागत न करता पेरणी करणारा शेतकरी, "मशागत माझ्याकडे नाही, माझ्याकडे फक्त पेरणी," असे म्हणू लागला तर आपण त्याला काय म्हणू?

टाळ वाजवणारे मूल निदान दिसते तरी. त्याहून अवघड ते, जे काहीच वाजवत नाही. आपल्या परंपरेत ताटीची कथा आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना समाजाने बाहेर ठेवले त्या भावंडांतले ज्ञानदेव लोकांच्या बोलांनी दुखावले, आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण मुक्ताई उभी राहिली. ह्या कथेकडे आपण योगाच्या दृष्टीने पाहतो, ते योग्यच. पण ती दुखावलेल्या मुलाची आणि दाराशी थांबलेल्या माणसाचीही कथा आहे. मुक्ताईने ताटी मोडली नाही. "बसू दे त्याला, भूक लागली की येईल," असे म्हणून ती निघूनही गेली नाही. ती दाराशी राहिली आणि त्याच्याशी बोलत राहिली. पोरसवदा मुलगी, पण दाराशी कसे थांबावे हे तिने थोरांना शिकवून ठेवले.

शाळेत अशी लावलेली ताटी पुष्कळ असते. हसरे पोर एकाएकी अबोल होते. डबा न खाता परत नेते. शाळेच्या वेळेलाच त्याचे पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही. एरवी नीट लिहिणारी मुलगी आठ दिवसांत मागे पडते. वसतिगृहातला दहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो, किंवा एका ठरावीक माणसाचे नाव निघाले की त्याचा चेहरा उतरतो. ह्यातले एकेक लक्षण दिसले म्हणून लगेच काही भयंकर घडले असेल असे नाही. पण दाराशी जाऊन "काय रे बाळा, बरे आहे ना?" असे विचारण्याइतके कारण तेवढ्याने नक्कीच होते. हे विचारायचे ते मात्र चारचौघांत नाही. वर्गात उभे करून "तुला काय झाले ते सांग" म्हणणे म्हणजे ताटी मोडणे झाले.

आता कोणी म्हणेल, "बुवा, हे सगळे लाड झाले. आमच्या वेळी मास्तर फोडून काढत, म्हणून आम्ही सुधारलो." ह्या बोलण्याला मान देऊनच उत्तर देतो. मार खाऊन जे सुधारले ते सांगायला आज उभे आहेत. मार खाऊन ज्यांनी शाळा सोडली त्यांना आपण कधी विचारले? त्यांची साक्ष कोणी काढलीच नाही. आणि आता तर कायदाही स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. घालूनपाडून बोलणेही त्या छळात येऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

शिस्त नको असे मात्र मी म्हणत नाही. वारीइतकी शिस्त दुसरीकडे क्वचितच दिसेल. लाखोंचा समाज, प्रत्येक दिंडीला तिचा क्रमांक, प्रत्येकाची ठरलेली जागा. आणि ह्या शिस्तीची खूण कोणती? चोपदारांच्या हातातला दंड. नाव दंड, पण तो कोणाच्या पाठीत बसत नाही. तो वर उचलला जातो तो सर्वांना शांत करण्यासाठी, आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकू यावे म्हणून. शाळेतही शिस्त असावी ती अशी, की तिच्यामुळे दुबळ्याचा आवाज ऐकू येईल. ज्या शिस्तीत सर्वांत दुबळाच आधी गप्प होतो, तिला फार तर दहशत म्हणता येईल.

हे केवळ बोलायचे नाही, करणारी माणसे आपल्याच मातीत होऊन गेली. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचे गाव, आपल्या संप्रदायाला परके नव्हे. छात्रालयात गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धुवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. उपदेश त्यांनी केला असेल, पण आधी केर काढला. ज्या घरी जनाबाई दळण दळी तेथे देव तिच्या जात्याला हात लावी, असे आपण कीर्तनात ऐकतो. मदत कशी करावी ह्याचा तो पाठच आहे. समोरच्याचे काम आपल्या हाती घेतले की त्याचे मन आपोआप मोकळे होते. हेच साने गुरुजी पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरीच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून उपोषणाला बसले. मुलाच्या खोलीचे दार आणि विठोबाच्या राउळाचे दार ह्या त्यांच्या मते दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी जातपात न पाहता मुलांना एका वसतिगृहात ठेवले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. मुले त्यांना वहिनी म्हणत. रयत शिक्षण संस्थेचा विस्तार आज केवढा तरी मोठा आहे, पण त्याच्या पायात एका बाईचे सौभाग्यलेणे आहे. "मुलांचे पोट हे शाळेचे काम नव्हे," असे लक्ष्मीबाईंनी म्हटले असते तर ती मुले अर्धपोटीच घरी परतली असती.

येथे आणखी एक शंका येते, आणि ती प्रामाणिक आहे. "साने गुरुजी, लक्ष्मीबाई ही माणसे विरळा. साठ पोरांचा वर्ग, त्यात माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, निवडणुकीचे काम करायचे. अशा मास्तराने प्रत्येकाची आई कसे व्हावे? आणि नियम करून, पाळी लावून जी माया होते तिला माया तरी कसे म्हणावे?"

ह्याचे उत्तर पुन्हा वारीतच आहे. दिंडीत माया आहे, पण ती मर्जीवर सोडलेली नाही. वीणा कोणाच्या गळ्यात, तंबू कोणी ठोकायचा, पाणी कोणी आणायचे, म्हातारीची वळकटी कोणत्या गाडीत टाकायची, हे सगळे ठरलेले असते. पंगतीला माणूस दिसला नाही की विचारपूस होते, कारण पंगत मोजलेली असते. आहे का कोणी म्हणणारा, की पाळी लावल्यामुळे दिंडीतली भक्ती उणी झाली? उलट व्यवस्था नसती तर चार प्रेमळ माणसे थकून गेली असती, आणि मागे राहिलेली म्हातारी कोणाच्याच लक्षात आली नसती. माया मनात उपजते हे खरे, पण ती सर्वांपर्यंत पोचते ती व्यवस्थेमुळे.

तेव्हा शाळेतही एका मास्तराने साठांची आई होण्याची गरज नाही. प्रत्येक मुलासाठी एक ठरलेले मोठे माणूस असावे, ज्याला त्या मुलाचे घर, आजार, आवडनावड ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे आपण जाऊ शकतो हे मुलालाही ठाऊक आहे, एवढे पुरे. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी मुले वाटून घेतली तर हे अशक्य नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी निर्देश दिले, त्यांतही हेच सूत्र आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या जाणकारांशी संबंध जोडून ठेवावा, आणि मुलांच्या लहान लहान तुकड्यांना मार्गदर्शक द्यावेत. न्यायालयाला हे सांगावे लागले, कारण मुले जीव देऊ लागली. ह्याहून मोठा टाळ कोणता वाजायचा राहिला?

पुष्कळ शाळांत भिंतीवर तक्रारपेटी टांगलेली असते. ती असावीच. पण पेटी कोणाला विचारायला जात नाही. तळावर चोपदार रोज विचारतात. तक्रार असो वा नसो, दंड रोज वर होतो, म्हणून ज्या दिवशी तक्रार असेल त्या दिवशी बोलायला अवघड जात नाही. वर्षातून एकदा पालकसभेत "कोणाची काही अडचण?" म्हणणे आणि रोज दोन मिनिटे मुलांकडे नीट पाहणे, ह्यांत हाच फरक आहे.

"पण धडे पुरे व्हायचे आहेत, परीक्षा तोंडावर आली!" असेही मास्तर म्हणतील. त्यांना एकच आठवण देतो. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता म्हणून त्याने प्रत्यक्ष परब्रह्माला विटेवर थांबायला सांगितले, आणि ते थांबले. त्याची सेवा थोरांची होती आणि आपण लहानांविषयी बोलतो आहोत, हे खरे. पण परस्वाधीन जिवाची सेवा चालली असता देवही खोळंबून राहतो, हा त्यातला अर्थ दोन्हीकडे सारखाच लागू आहे. देव थांबला, तर भूगोलाचा धडा एक दिवस थांबेल.

आता जे सांगायचे ते दुसऱ्यांच्या शाळांविषयी नाही, आपल्या घराविषयी आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून मृदंग, गायन आणि ज्ञानेश्वरीचा अभ्यास शिकायला खेड्यापाड्यांतली मुले घर सोडून येत आली आहेत. आज त्या वाटेने चालणाऱ्या लहानमोठ्या पाठशाळा आणि वसतिगृहे ठिकठिकाणी आहेत. त्यांत जीव ओतून मुले सांभाळणारे महाराज आहेत, त्यांना माझा दंडवत. पण जेथे लहान मुले आईबापांपासून दूर राहतात तेथे, मग ती शाळा असो, आश्रम असो की मठ असो, मुलाचे ऐकणारे कोणी नसले तर वाईटाला वाव मिळतो. कपाळी गंध आहे म्हणून हा नियम आपल्याला माफ होत नाही.

आपल्याकडे धोका अधिकच आहे, कारण आपल्यापाशी गुरुभक्तीचे बळ आहे. "गुरूविरुद्ध बोलू नये," हे आपण मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो. ह्याचा नीट विचार करू या. शरण जाणे म्हणजे काय? ज्याला नकार देता येतो, उठून जाता येते, त्याने आपण होऊन मस्तक ठेवणे म्हणजे शरणागती. आठ वर्षांच्या पोराला नकारही देता येत नाही आणि घरी जायला एस. टी. चे भाडेही त्याच्यापाशी नसते. त्याच्या गप्प बसण्याला श्रद्धा म्हणणे ही श्रद्धेची विटंबना आहे. जो देवाशी भांडतो त्याला आपण संत म्हणतो. विठोबाला बोल लावण्याचा हक्क आपल्या संतांनी सोडला नाही आणि विठोबाचा राग त्यांना कधी आडवा आला नाही. देवाला जे सोसते ते गुरूला का सोसू नये? जो गुरू लेकराची तक्रार ऐकून घेतो त्याची थोरवी वाढते. जो ऐकू देत नाही, त्याच्याकडे आपण पोर ठेवू नये.

म्हणून आईबापांना आणि संस्था चालवणाऱ्यांना काही साध्या गोष्टी सुचवतो. मुलाला घरी वरचेवर फोन करू द्यावा, आणि बोलताना कोणी शेजारी उभे राहू नये. मुलांशी बोलायला संस्थेबाहेरचे एखादे जाणते माणूस, शक्यतो बाईमाणूस, अधूनमधून यावे. मूल काही सांगू लागले तर मध्ये तोडू नये, "तूच काही केले असशील" असे म्हणू नये. "कोणाला सांगणार नाही" असे वचनही देऊ नये. कारण मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर पुढे सांगावेच लागते. त्यापेक्षा, "तुला जपण्यासाठी जेवढ्यांना सांगणे जरूर आहे तेवढ्यांनाच सांगेन," असे म्हणावे, आणि तसेच वागावे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ साली जो कायदा झाला त्याप्रमाणे असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थेचे नाव जाईल म्हणून झाकून ठेवण्याची सवलत कोणालाच नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लिहावा, आणि मुलांकडून पाठ करून घ्यावा. हरिपाठ पाठ करणाऱ्या पोराला चार आकडे जड नाहीत. आणि मन फारच खचलेले दिसले तर डॉक्टरांकडे न्यावे. अंगारा लावून ताप उतरत नाही, तसेच हे.

राहता राहिलो आपण, वाटेने चालणारे. वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो. चहा देणारा माउली, पाय चेपणारा माउली, गर्दीत धक्का लागला तरी "सांभाळा माउली". हा शब्द घरी परतताना चंद्रभागेत सोडून येऊ नये. यंदा आषाढी करून घरी जाल, प्रसाद द्याल, तेव्हा नातवाला किंवा नातीला "कितवा नंबर आला?" हे विचारण्याआधी जरा जवळ घेऊन बसा आणि विचारा, "शाळेत तुला कोणाची भीती वाटते का?" उत्तर लगेच येणार नाही. घाई करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आणि काही सांगितलेच, तर ते खरे धरून दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जा. मास्तरांशी भांडायला नको, नीट बोलायला जा. त्यांच्यावरही भार आहे, त्यांनाही कोणी विचारणारे हवे असते.

तळावर एका दिंडीचा टाळ वाजत असेल तर तिचे ऐकून झाल्यावरच आरती होते. तेवढा वेळ लाखोंचा समाज भुकेला, भिजलेला, पाय दुखत असताना शांत उभा राहतो, आणि कोणी कुरकुरत नाही.

रामकृष्ण हरी.